ताईमहाराज प्रकरण : दत्तकाचा वाद, न्यायासन आणि हितसंबंध

७ ऑगस्ट १८९७ रोजी पुण्यातील पहिल्या दर्जाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज यांनी शेवटच्या दुखण्यात मृत्युपत्र केले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. त्या मृत्युपत्रावरून पुढे जे प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाने दिलेली मान्यता), फौजदारी खटले, दिवाणी दावा आणि अपिले उद्भवली, त्यांना महाराष्ट्रात 'ताईमहाराज प्रकरण' या नावाने ओळखतात. लोकमान्य टिळकांच्या चरित्रात हे प्रकरण बहुधा त्यांच्यावरील सरकारी रोषाचा एक अध्याय म्हणून येते, आणि त्यामुळे त्यातील न्यायव्यवहाराची बाजू मागे पडते. प्रस्तुत लेखात टिळकांचे राजकारण शक्य तितके बाजूला ठेवून एवढेच पाहायचे आहे, की एका घरातील वारशाचा साधा प्रश्न न्यायासनावर बसलेल्या माणसांच्या हातून कसा विस्कटला, कोणाचे कोणते हितसंबंध त्यात गुंतले होते, आणि लाच, वशिला किंवा उघड पक्षपात यांपैकी काहीही सिद्ध न होता न्यायदान कसे सदोष होऊ शकते.

मृत्युपत्र आणि विश्वस्त

मृत्युपत्र झाले तो आठवडा लक्षात घेण्याजोगा आहे. टिळकांवर 'केसरी'तील लिखाणाबद्दल राजद्रोहाचा पहिला खटला त्या वेळी उभा राहिला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी ४ ऑगस्ट रोजी त्यांना जामिनावर सोडले होते. जामिनावर सुटून पुण्याला आलेल्या टिळकांना बाबामहाराजांनी बोलावून घेतले आणि आपल्या इस्टेटीची जबाबदारी स्वीकारण्यास भाग पाडले. मित्राच्या मरणशय्येशी दिलेला हा शब्द टिळकांनी पुढे ज्या चिवटपणे पाळला, त्या चिवटपणाला काही जण कर्तव्यनिष्ठा म्हणतात आणि काही जण हट्ट. कागदपत्रे वाचताना दोन्हींची प्रचिती येते.

बाबामहाराजांची पत्नी सकवारबाई ऊर्फ ताईमहाराज त्या वेळी गरोदर होत्या. मृत्युपत्राचा आशय असा होता, की मुलगा झाला तर तो वारस. मुलगा न झाला किंवा होऊन वारला, तर घराण्याचे नाव चालावे म्हणून विश्वस्तांच्या संमतीने पत्नीच्या ओटीत शास्त्राप्रमाणे दत्तक द्यावा, आणि तो वयात येईपर्यंत इस्टेटीचा कारभार विश्वस्तांनी पाहावा. विश्वस्तांमध्ये टिळक, अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे आणि कोल्हापूरचे कुंभोजकर ही मंडळी होती. नागपूरकर हेही पुढे या कारभारात होते. जानेवारी १८९८ मध्ये ताईमहाराजांना मुलगा झाला, परंतु तो जेमतेम दोन महिने जगला. टिळक त्या वेळी तुरुंगात होते. ते सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले आणि त्यानंतर इस्टेटीच्या कारभाराला खऱ्या अर्थाने सुरुवात झाली.

इस्टेट मोठी होती आणि तिच्यावर कर्जही होते. विश्वस्तांनी खर्चाला कात्री लावली. वाड्यात वाढलेल्या एका तरुण विधवेला आपल्याच घरातील खर्चासाठी परक्या पुरुषांच्या मंजुरीवर अवलंबून राहावे लागत होते, ही गोष्ट टिळकपक्षीय लेखनात फार लवकर ओलांडली जाते. ताईमहाराजांची तक्रार पूर्णपणे दुसऱ्यांनी पढवलेली होती असे मानण्याचे कारण नाही. त्या तक्रारीचा उपयोग दुसऱ्यांनी करून घेतला, हे वेगळे.

दोन दत्तके

जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे आणि अन्य मंडळी ताईमहाराजांना घेऊन निजामाच्या राज्यातील औरंगाबादला गेली. पंडित घराण्याची एक शाखा त्या भागातील निधोण्याची होती आणि तिच्यातील मुलगा दत्तक घ्यावा असे ठरले होते. महिनाअखेरीस तेथे जगन्नाथ नावाच्या लहान मुलाचे दत्तविधान झाले. मुलगा देण्याचा आणि घेण्याचा विधी पार पडला, दत्तपत्र झाले आणि ताईमहाराजांनी त्यावर सही केली, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. राहिलेले धार्मिक विधी पुण्याला करावयाचे होते. पुण्याला परतल्यावर मात्र चित्र पालटले. औरंगाबादेत दत्तक झालेच नाही, झाले ते माझ्या मर्जीविरुद्ध झाले, अशी भूमिका ताईमहाराजांनी घेतली. जुलै १९०१ च्या अखेरीस विश्वस्तांचे प्रोबेट रद्द करावे म्हणून त्यांचा अर्ज पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्यापुढे आला. आणि ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या शाखेतील बाळामहाराजांना दत्तक घेतले.

या दुसऱ्या दत्तकामागील कायदेशीर युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नव्हता. बाबामहाराजांच्या मागे जन्मलेला मुलगा जन्मताच मालमत्तेचा पूर्ण मालक झाला. तो वारल्यावर त्याची वारस त्याची आई. म्हणून मृत्युपत्रातील अटी आणि विश्वस्तांचे अधिकार तेथेच संपले, आणि आई आपल्या मर्जीने दत्तक घेण्यास मोकळी झाली, असा तो युक्तिवाद होता. त्याला उत्तर असे, की मुलगा होऊन वारला तर काय करायचे हे मृत्युपत्रातच लिहिलेले होते. म्हणजे वादाचे मुद्दे दोनच होते. मृत्युपत्राचा अर्थ काय, आणि औरंगाबादेत त्या दिवशी प्रत्यक्ष काय घडले? पहिला मुद्दा कायद्याचा, दुसरा पुराव्याचा. दोन्हींसाठी दिवाणी न्यायालय ही योग्य जागा होती, आणि जगन्नाथाचे दत्तक कायदेशीर ठरवून मिळावे म्हणून विश्वस्तांनी तसा दावाही लावला होता.

ॲस्टन यांचे न्यायासन

येथे पुण्याच्या न्यायव्यवस्थेतील एक विशेष सांगितला पाहिजे, कारण आजच्या वाचकाला तो सहसा ठाऊक नसतो. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनांपैकी एकोणतिसाव्या रेग्युलेशनने दख्खनच्या सरदारांसाठी निराळी व्यवस्था केली होती. ज्या वादांत सरदार पक्षकार असतील, ते सरकारचा एजंट पाहत असे. हा 'सरदारांचा एजंट' म्हणून पुण्याचा जिल्हा न्यायाधीशच काम करी. पेशवाई बुडाल्यावर जुन्या घराण्यांचा मान राखून त्यांना हाताशी धरावे, हे त्या व्यवस्थेमागील धोरण उघड आहे. सरदारांच्या दर्जाची, मानमरातबाची, घरातल्या बऱ्यावाईटाची चौकशी करणे हे एजंटाचे काम, आणि त्याच सरदाराच्या मृत्युपत्राच्या प्रोबेटचा निकाल देणे हे जिल्हा न्यायाधीशाचे काम. खुर्च्या दोन, बसणारा माणूस एक.

एजंट म्हणून सरकारच्या बाजूने सरदार घराण्याकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायाधीश म्हणून त्याच घराण्याच्या वादाकडे कोऱ्या मनाने पाहता येईल का, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणाला पडला नाही, कारण ती रचनाच कायदेशीर होती. मला या प्रकरणातील मूळ दोष येथे दिसतो. ॲस्टन यांच्या मनात टिळकांविषयी काय होते, हे शोधत बसण्याची गरज नाही. सरकारचे डोळे आणि न्यायाचा तराजू एकाच हाती दिलेला असला, तर त्या माणसाच्या मनाची साक्ष काढून उपयोग नसतो. त्याची जागाच त्याच्याविरुद्ध बोलत असते.

ॲस्टन यांच्यापुढील अर्ज प्रोबेट रद्द करण्याचा होता. प्रोबेटच्या कामात न्यायालय पाहते ते इतकेच, की मृत्युपत्र खरे आहे का आणि ज्यांच्या हाती कारभार दिला त्यांच्याकडे तो राहू द्यावा का. दत्तक खरे की खोटे, हा प्रश्न त्या कामाच्या कडेला येऊन टेकतो खरा, परंतु त्याचा अंतिम निर्णय तेथे होत नाही. विशेषतः त्याच प्रश्नावर स्वतंत्र दिवाणी दावा दाखल झालेला असताना तर होऊच नये. ॲस्टन यांनी मात्र औरंगाबादेतील हकिकत पूर्ण खोदून काढायला घेतली. टिळकांची साक्ष लांबत गेली, प्रवासाच्या खर्चाचे हिशेब, पत्रे, आपापसांतील भांडणे असे सारे त्यात आले, आणि वारशाच्या अर्जाची चौकशी हळूहळू एका साक्षीदाराच्या चारित्र्याची चौकशी झाली.

३ एप्रिल १९०२ रोजी त्यांनी निकाल दिला. प्रोबेट रद्द झाले. एवढ्यावर ते थांबले असते तर अपिलात दुरुस्त होणारी एक चूक, इतकेच त्याचे स्वरूप राहिले असते. परंतु त्याच निकालाला जोडून त्यांनी टिळकांना खोटी साक्ष, खोटा पुरावा तयार करणे, खोटी फिर्याद करणे अशा स्वरूपाच्या आरोपांसाठी फौजदारी न्यायालयाच्या हवाली केले. खोट्या फिर्यादीचा आरोप हा टिळकांनी नागपूरकरांविरुद्ध केलेल्या विश्वासघाताच्या फिर्यादीविषयी होता.

हे करण्याचा अधिकार न्यायाधीशाला कायद्याने होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४७६ अन्वये, आपल्यासमोर चाललेल्या कामात असा गुन्हा घडला आहे असे वाटल्यास न्यायालय ते प्रकरण दंडाधिकाऱ्याकडे पाठवू शकत असे. ज्या न्यायाधीशाने पाठवले त्याने स्वतः खटला चालवू नये, इतकी काळजी कायद्याने घेतली होती आणि ॲस्टन यांनी ती मर्यादा ओलांडलेली नाही. म्हणून कलमावर बोट ठेवून त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. चूक अधिकाराच्या वापरात आणि त्याच्या वेळेत होती. ज्या हकिकतीच्या खरेखोटेपणावर दिवाणी दावा पडून आहे, त्याच हकिकतीबद्दल एका पक्षकाराला गुन्हेगार म्हणून उभे करणे म्हणजे दिवाणी दाव्याचा निकाल फौजदारी वाटेने आधीच लावून टाकणे होय. दंडाधिकाऱ्यापुढे तक्रारदार म्हणून जेव्हा जिल्हा न्यायाधीशच उभा असतो, तेव्हा खालच्या पायरीवरील दंडाधिकाऱ्याच्या मनावर त्याचे जे दडपण येते, ते कोणत्याही कलमात मोजलेले नाही.

अपिलाखेरीज दुसरा उपाय टिळकांच्या हाती नव्हता. १८५० च्या अठराव्या कायद्याने न्यायाधीशाला त्याच्या न्यायिक कृत्यांबद्दल दाव्यापासून संरक्षण दिलेले होते, आणि ते असावेच. नाहीतर हरलेला प्रत्येक पक्षकार न्यायाधीशाच्या दारात उभा राहील. उच्च न्यायालयाने प्रोबेट रद्द करण्याचा हुकूम फिरवला, परंतु फौजदारी कामात हात घालण्याचे नाकारले. या अर्धवट दुरुस्तीचा परिणाम विचित्र झाला. ज्या निकालातून फौजदारी आरोप उगवले तो निकाल उरला नाही. आरोप मात्र उरले.

फौजदारी फेरा

सरकारने क्लेमेंट्स नावाच्या सनदी अधिकाऱ्याची विशेष दंडाधिकारी म्हणून नेमणूक केली. खटला सरकारी खर्चाने चालला. २४ ऑगस्ट १९०३ रोजी क्लेमेंट्स यांनी टिळकांना खोट्या साक्षीबद्दल १८ महिन्यांची सक्तमजुरी आणि १,००० रुपये दंड ठोठावला. सत्र न्यायाधीश लुकास यांनी अपिलात दोष कायम ठेवून सक्तमजुरी ६ महिन्यांवर आणली. या काळात टिळकांना काही दिवस तुरुंगातही जावे लागले. अखेर मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी ४ मार्च १९०४ रोजी त्यांना निर्दोष सोडले आणि दंड परत देवविला. उरलेले आरोप सरकारने मागे घेतले.

न्यायव्यवस्था शेवटी जागेवर आली, असे या निकालावरून म्हणण्याचा मोह होतो. पण हिशेब मांडून पाहिला तर एप्रिल १९०२ पासून मार्च १९०४ पर्यंत जवळजवळ दोन वर्षे मूळ दिवाणी प्रश्न जागच्या जागी राहिला होता. दरम्यान १९०३ मध्ये ताईमहाराज वारल्या. ज्या स्त्रीने औरंगाबादेत मुलगा मांडीवर घेतला की नाही यावर सारे अवलंबून होते, ती दिवाणी न्यायाधीशापुढे साक्ष द्यायला उरली नाही. न्यायासनाच्या गैरवापराची सर्वांत मोठी किंमत या प्रकरणात तिने दिली, असे मला वाटते. टिळकांना लंडनपर्यंत अपील करता आले. तिचे म्हणणे मात्र इतरांच्या लढाईसाठी घेतलेल्या जबान्यांतच अडकून पडले.

दिवाणी दावा आणि प्रिव्ही कौन्सिल

पुण्याच्या पहिल्या वर्गाच्या सब-जज्जांनी ३१ जुलै १९०६ रोजी जगन्नाथाचे दत्तक खरे ठरवले. साक्षीदार त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यावरील अपील मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर आणि न्यायमूर्ती हीटन यांच्यापुढे चालले, आणि १९१० मध्ये त्यांनी खालचा निकाल उलटवला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. ज्या खटल्याने त्यांना मंडालेला पाठवले, तो १९०८ चा खटला न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे चालला होता. आणि हेच दावर १८९७ मध्ये तय्यबजींपुढे टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. बाबामहाराजांच्या मृत्युपत्राच्याच आठवड्यात टिळकांना बाहेर काढणारा वकील अकरा वर्षांनी त्यांना हद्दपारीची शिक्षा सुनावणारा न्यायाधीश होतो, आणि त्यात कोणालाही हरकतीचा मुद्दा दिसत नाही, यावरून त्या काळी हितविरोधाची कल्पना किती अरुंद होती ते कळते. दावरांचा येथे विषय नाही. ओघात आले म्हणून सांगितले.

उच्च न्यायालयाच्या १९१० च्या निकालाचा अर्थ असा होत होता, की टिळक, खापर्डे आणि त्यांच्या बाजूचे इतर प्रतिष्ठित साक्षीदार एकमताने खोटे बोलले. या निकालाविरुद्धचे अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायासनापुढे गेले. 'बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित' या नावाने ते प्रसिद्ध आहे, आणि २६ मार्च १९१५ रोजी लॉर्ड शॉ यांनी त्याचा निकाल वाचला. उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द झाला, पुण्याच्या सब-जज्जांचा निर्णय पुन्हा कायम झाला आणि जगन्नाथमहाराज हे खरे दत्तक ठरले.

हा निकाल वकील मंडळींच्या दृष्टीने दोन गोष्टींसाठी आजही जिवंत आहे. एक दत्तकाच्या कायद्याची : दत्तक मुलगा दत्तक पित्याच्याच गोत्राचा असेल, तर त्रैवर्णिकांतही (ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य) दत्तहोम, म्हणजे दत्तकाच्या वेळी करायचा होम, न झाल्यामुळे दत्तक बाधित होत नाही, देणे-घेणे झालेले असणे पुरेसे आहे, असे त्यात ठरले. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याशी येते. एखाद्या साक्षीदाराला खोटा ठरवायचे असेल, त्याच्यावर कटाचा किंवा खोट्या साक्षीचा ठपका ठेवायचा असेल, तर तो पिंजऱ्यात असतानाच तसे त्याच्या तोंडावर म्हटले गेले पाहिजे आणि खुलासा करण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे, असे प्रिव्ही कौन्सिलने बजावले. ज्यांना उलटतपासणीत तसे विचारलेच गेले नाही, त्यांना निकालपत्रात कटवाले म्हणणे योग्य नव्हे. आधीच्या कामांतील जबान्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे दिवाणी दाव्यात आणून ठेवण्याच्या पद्धतीवरही त्यांनी कोरडे ओढले. पूर्वीच्या जबानीतील विसंगती दाखवायची तर ते विवक्षित वाक्य साक्षीदारापुढे ठेवावे लागते, हा तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १४५ चा नियम होता.

दोन न्यायालयांची तुलना येथे आपोआप होते. ॲस्टन यांच्यापुढे टिळकांना त्या कामाला नको तितके विचारले गेले. उच्च न्यायालयात ज्या ठपक्यावर निकाल फिरला, तो ठपका साक्षीदारांना विचारलाच गेला नव्हता. पहिली चूक अतिरेकाची आणि दुसरी उणिवेची असली, तरी दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हकिकत ऐकून मत बनवण्याऐवजी आधी मत बनले आणि हकिकत त्याच्यामागून आली. चंदावरकरांसारख्या विद्वान आणि निःस्पृह न्यायमूर्तीच्या हातून हे घडावे, यावरून असे दिसते की अशा दोषासाठी वाईट हेतू लागत नाही. ॲस्टन यांनी जी फौजदारी कागदपत्रांची रास जन्माला घातली, तीच पुढे दिवाणी न्यायालयाच्या टेबलावर आली आणि तिचा रंग पुराव्याला चढला.

कोणाचे काय गुंतले होते

न्यायाधीशांचा दोष दाखवताना पक्षकारांच्या हितसंबंधांकडे डोळेझाक करणे बरोबर होणार नाही, कारण न्यायासन त्यांच्याच ओढाताणीत सापडले होते. कोल्हापूर दरबाराचा संबंध थेट होता. बाबामहाराजांची बरीच मिळकत कोल्हापूर संस्थानात होती आणि तेथील वारसाला मान्यता देणे दरबाराच्या हाती होते. दुसरे दत्तकही कोल्हापूरच्या शाखेतले होते. त्याच सुमारास वेदोक्त प्रकरण, म्हणजे छत्रपतींच्या घरी वैदिक मंत्रांनी विधी व्हावेत की नाही याचा वाद, तापले होते आणि ऑक्टोबर १९०१ मध्ये टिळकांनी 'केसरी'त शाहू महाराजांच्या भूमिकेविरुद्ध लिहिले. वेदोक्ताच्या प्रश्नात टिळकांची बाजू इतिहासाने उचलून धरलेली नाही, आणि दत्तकाच्या प्रश्नाशी तिचा कायद्याने काही संबंधही नाही. पण एका वादातील वैर दुसऱ्या वादात उतरले असेल, ही शक्यता दोन्ही बाजूंनी मान्य केली पाहिजे.

विश्वस्तांचा स्वतःचा हितविरोध हा अधिक अवघड मुद्दा आहे आणि तो चरित्रकारांनी टाळलेला आहे. मृत्युपत्राप्रमाणे कारभार दत्तक मुलगा वयात येईपर्यंत विश्वस्तांकडे राहणार होता. दत्तक कोण असावा हे ठरवण्यात त्यांची संमती लागणार होती. म्हणजे जितका मुलगा लहान, तितका कारभार दीर्घ, आणि मुलगा निवडणारे तेच कारभारी. टिळकांनी किंवा खापर्ड्यांनी या स्थितीचा लाभ घेतला असे कोणत्याही न्यायालयात टिकले नाही. उलट त्यात त्यांचा वेळ आणि पैसा बुडाला. पण रचनेतील दोष आणि माणसाची सचोटी या वेगळ्या गोष्टी आहेत. जो निकष आपण ॲस्टन यांच्या दुहेरी पदाला लावला, तोच येथे लावला नाही तर तो निकष नव्हे, पक्षपात होईल. विश्वस्तांनी औरंगाबादला निघण्यापूर्वी न्यायालयाकडून दिशा मागितली असती, किंवा ताईमहाराजांना त्यांच्या पसंतीचा स्वतंत्र वकील दिला असता, तर त्या दिवशीच्या विधीला पुढे कोणाला आव्हान देणे फार अवघड गेले असते.

आजच्या चष्म्यातून

आज असा वाद महाराष्ट्रातील एखाद्या जिल्हा न्यायालयात आला, तर सरदारांचा एजंट नसेल, पण दुहेरी जागा संपलेल्या नाहीत. तालुक्याच्या गावी न्यायाधीश, वकील, जमिनीचा तंटा असलेले भाऊ आणि त्यांचे व्याही एकाच रस्त्यावर राहतात. भारतीय न्यायालयांनी या बाबतीत जो निकष स्वीकारला आहे, तो न्यायाधीशाच्या मनाचा नाही. समंजस पक्षकाराच्या मनात पक्षपाताची वाजवी भीती निर्माण होते का, हे पाहायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या रणजित ठाकूर प्रकरणात सांगितले. न्यायाधीशाने आपला नातेवाईक किंवा जवळचा मित्र गुंतलेले काम ऐकू नये, ही गोष्ट उच्च न्यायव्यवस्थेने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या न्यायिक जीवनमूल्यांच्या मसुद्यात नमूद आहे. या निकषाने पाहिले तर ॲस्टन यांना बाजूला होण्यासाठी एजंटपद हे एकटे कारण पुरेसे ठरले असते.

मात्र हरकत वेळेवर घ्यावी लागते. माणकलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये पक्षपाताचा आक्षेप तत्त्वतः मान्य करूनही, तो माहीत असताना पक्षकार गप्प बसला म्हणून त्याला दाद दिली नाही. निकाल विरुद्ध जाईपर्यंत थांबायचे आणि मग न्यायाधीशाचे नाते काढायचे, ही सवय आपल्याकडे फार आहे. तिच्यामुळे खरे आक्षेपही हलके पडतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली काम दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करण्याचा अर्ज जिल्हा न्यायाधीशाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे सुरुवातीलाच करता येतो, आणि त्यात आरोपांची भाषा न वापरता फक्त संबंध आणि तारखा मांडल्या तर तो अधिक परिणामकारक ठरतो.

कलम ४७६ चा वारसा १९७३ च्या संहितेत कलम ३४० कडे आला आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३७९ कडे आहे. अशी तक्रार न्यायाच्या हितासाठी आवश्यक आहे, असे न्यायालयाला वाटले तरच ती करावी, ही अट त्यात आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एका कुटुंबातील मृत्युपत्राच्या वादातच या तरतुदींचा अर्थ लावताना स्पष्ट केले, की प्रत्येक खोट्या विधानामागे धावायचे नसते. पक्षकाराला झालेल्या इजेपेक्षा न्यायदानाला झालेली इजा पाहायची असते. वारसाच्या दाव्यांत भाऊ भावावर खोट्या साक्षीचा अर्ज आजही सर्रास टाकतो. पुष्कळ न्यायाधीश तो मूळ दाव्याच्या निकालापर्यंत बाजूला ठेवतात. ॲस्टन यांनी नेमके हेच केले नाही.

१९१५ नंतर

प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने जगन्नाथमहाराजांचा हक्क ठरला, तरी ताबा आणि वसुली यांची कामे संपली नाहीत. कोल्हापूर संस्थान ब्रिटिश न्यायालयांच्या हद्दीबाहेर होते, आणि तेथील मिळकतीचा प्रश्न दरबाराच्या मर्जीशी बांधलेला राहिला. टिळक त्यासाठी शेवटपर्यंत अर्ज आणि अपिले करीत होते. जुलै १९२० मध्ये ते मुंबईला गेले, ते याच प्रकरणातील एका कामासाठी. त्या महिन्यात त्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरदारगृहात त्यांचा मुक्काम होता. तेथेच ते आजारी पडले आणि १ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. बाबामहाराजांच्या मृत्युपत्राला त्या आठवड्यात तेवीस वर्षे पूर्ण होत होती.